फोटोमागची गोष्ट हरवू नये म्हणून: घरातून निघण्यापासून कॅप्शनपर्यंत

आपल्यासारख्या हौशी लोकांचं एक ठरलेलं असतं. रविवारी पहाटे उठायचं, पेठांमधून भटकायचं, तीनशे फोटो काढायचे, घरी येऊन पोहे खाऊन झोपायचं. आणि आठ-दहा महिन्यांनी सोसायटीच्या कॅलेंडरसाठी नाहीतर एखाद्या प्रदर्शनासाठी कुणी म्हणालं की फोटोमागची गोष्ट द्या, शंभर शब्दांत, की डोकं खाजवत बसायचं. मग काय लिहितो आपण? "गजबजलेली सकाळ". "कष्टकरी हात". "काळाच्या ओघात हरवत चाललेलं पुणं". ही ओळ भोरच्या बाजारातल्या फोटोखाली टाकली तरी खपेल, म्हणजे ती त्या फोटोची नाहीच.

मी बारा-तेरा वर्षं असंच केलं, म्हणून हक्काने सांगतोय. बहुतेकांचं घोडं क्रमात अडतं. आपण गोष्ट सगळ्यात शेवटी शोधायला जातो, आणि तोवर ती सांगणारा माणूस, ती वेळ आणि आपली आठवण, तिन्ही हातातून गेलेलं असतं. खालची उदाहरणं पुण्याची आहेत कारण मला तेच शहर पायाखालचं आहे, तुम्ही सोलापूर, नाशिक, पणजी, जिथे असाल तिथली घाला. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## १. निघायच्या आदल्या रात्री

सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं घड्याळ. हसू नका. मोबाईल स्वतःची वेळ नेटवर्कवरून लावून घेतो, कॅमेरा घेत नाही. बॅटरी काढून दोन-चार महिने ठेवला तर बरेच कॅमेरे तारीख विसरून पहिल्यापासून सुरुवात करतात. माझा एकदा असाच कपाटात पडून होता, थेट पालखीच्या दिवशी बाहेर काढला आणि दोन दिवसांत सहाशे फोटो मारले. सगळ्यांवर तारीख १ आणि २ जानेवारी. एका मित्राने बघून विचारलं, "माउली यंदा संक्रांतीच्या आधीच निघाली का काय?" पालखी होती म्हणून निदान कळलं तरी, साधा रस्ता असता तर ती चुकीची तारीख जन्मभर तशीच राहिली असती.

मग करायचं काय: तारीख, वर्ष, वेळ तिन्ही तपासा, टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा आहे ना ते बघा (परदेशातून आणलेल्या किंवा तिकडे फिरवून आणलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास चुकलेलं असतं), आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोटो आपल्याच मोबाईलच्या स्क्रीनचा काढा, ज्यात वेळ आणि तारीख दिसतेय. हा एक फोटो लाखमोलाचा आहे. कॅमेऱ्याची वेळ चुकलेली निघाली तरी त्यावरून फरक किती ते कळतं आणि सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढेमागे सरकवता येते, बहुतेक फोटो सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

बाकी पिशवीत: खिशात मावेल अशी वही, पेन्सिल (पावसात बॉलपेनचं काही खरं नाही), सुट्टे पैसे, पाणी. सुट्टे पैसे कशाला? ज्याच्या टपरीसमोर वीस मिनिटं उभं राहायचंय त्याच्याकडे निदान एक चहा तरी प्यायला हवा ना. बोलणं तिथूनच सुरू होतं.

तपासा: पहिला फोटो घड्याळाचा आहे का? नसेल तर जिथे उभे आहात तिथेच काढा.

## २. जागा एक, प्रश्न एक

"उद्या पुण्याचे फोटो काढू" असं ठरवून निघालात तर हाती पोस्टकार्डं लागतील. एक जागा घ्या आणि एक असा प्रश्न घ्या ज्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय मिळणार नाही. तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, घेतली तर "मोठ्या भांड्याला एका माणसाला किती दिवस लागतात आणि ठोके कोण घालतं". मंडई घेतली तर "पहाटे पहिला गाळा कोण उघडतं". जुना बाजार घेतला तर "या वस्तू येतात कुठून". प्रश्न साधा आणि थोडा आगाऊच असला तरी चालेल, कारण त्यामुळे कॅमेरा कुठे वळवायचा ते ठरतं.

दिवस आणि वेळ नीट बघून जा. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवारी जाऊन रिकामी जागा बघून आलेले लोक मला माहिती आहेत (मी त्यातलाच). पालख्या पुण्यात आल्या की तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला असते आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. हे उलटं लिहिलेली कॅप्शनं दरवर्षी दिसतात. विसर्जन मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सुरू होते, लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते, त्यामुळे कसबा गणपती म्हणजे मानाचा पहिला हवा असेल तर संध्याकाळी जेवून निघून काही मिळणार नाही.

उन्हाची दिशाही आधीच बघा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, डिसेंबरात त्या बाजूला थेट ऊन येतच नाही. मला हे कळलं ते थंडीत तीन रविवार वाया घालवल्यावर. पुढे एकाने "डिसेंबरातलं कोवळं ऊन" अशा ओळीसकट त्याच दरवाज्याचा उजळलेला फोटो दाखवला तेव्हा मी फक्त म्हटलं, महिना परत बघ. निघाला एप्रिल.

इशारा: कॅम्प, खडकी, खडकवासल्याच्या बाजूला लष्कराच्या जागा आहेत. "फोटो काढण्यास मनाई" ची पाटी दिसली की कॅमेरा बॅगेत. "मी तर फक्त झाडाचा काढत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही.

## ३. पोचल्यावर: आधी पंधरा मिनिटं कॅमेरा गळ्यात, डोळ्याला नाही

आल्या आल्या धडाधड सुरू करू नका. एक फेरी मारा. तांबट आळीत माणूस दिसायच्या आधी ठोक्यांचा आवाज येतो, आणि प्रत्येक ठिकाणचा ठोका वेगळा असतो, हे मला चौथ्या खेपेला कळलं कारण पहिल्या तीन खेपा मी व्ह्यूफाइंडरमध्येच होतो. कानावर पडलं, नाकाला जाणवलं ते फोटोत येत नाही, म्हणून ते वहीत लगेच दोन शब्दांत टिपा. नंतर आठवेल असं वाटतं. नाही आठवत.

मग फोटो या क्रमाने घ्या:

पहिला लांबून, जागा ओळखू येईल असा. आजूबाजूच्या दोन इमारती, विजेचा खांब, झाड काहीतरी येऊ द्या. दिसायला हा बोअर होतो पण दहा वर्षांनी हाच सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण वाडा पडून तिथे सात मजली इमारत उभी राहिल्यावर "हा नक्की कुठला कोपरा" याचं उत्तर त्याच्यातच असतं.

दुसरा मधला, माणूस आणि त्याचं काम एका चौकटीत.

तिसरा जवळचा. हात, हत्यार, भांड्यावरचे ठोक्यांचे ठसे.

चौथा, आणि हा सगळे विसरतात, पुराव्याचा फोटो. दुकानाची पाटी, घराचा नंबर, चौकाचं नाव, देवळाबाहेरचा फलक, कोनशिला असली तर ती. पुण्यात पाट्यांना तोटा नाही. "दुपारी १ ते ४ बंद" वाली हौसेने काढता तशी दुकानाच्या नावाचीही काढा की. पालिकेने काही घरांवर नामवंतांच्या निळ्या पाट्या लावल्यात, तशी दिसली तर अक्षर वाचता येईल इतक्या जवळून घ्या. नाव, आळी, क्रमांक हातानं उतरवताना चुका होतात, फोटोत होत नाहीत.

तपासा: जागा सोडायच्या आधी स्क्रीनवर पाटीचा फोटो मोठा करून वाचा. हललेला असेल तर आत्ताच परत.

## ४. बोलायचं कसं

इथे सगळ्यात जास्त लोक गडबडतात म्हणून जरा थांबून सांगतो.

फोटो आधी की बोलणं आधी? माझं मत: एखादा सहज क्षण समोर घडत असेल तर फोटो आधी, पण लगेच जवळ जाऊन दाखवायचा आणि विचारायचं, "काका, हा काढला, चालेल ना?" नको म्हणाले तर त्यांच्यासमोर उडवायचा. बाकी सगळ्या वेळी बोलणं आधी. लांबून झूम लावून चोरून काढलेल्या फोटोला गोष्ट नसते, कारण तुम्ही त्या माणसाशी बोललेलाच नसता. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोच.

सुरुवात स्वतःपासून करा. मी अमुक, कोथरूडला राहतो, नोकरी करतो, रविवारी हौस म्हणून फोटो काढतो, पेपरवाला नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पेपरवाला समजले की माणसं एकतर गप्प होतात नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार सुरू करतात. तीही ऐकाच, पण मग तुमचा प्रश्न राहतो.

प्रश्न कसे हवेत ते बघा. "या व्यवसायाबद्दल काय वाटतं?" असं विचारलं तर "काय वाटणार, चाललंय" एवढंच मिळेल. त्याऐवजी हातातल्या वस्तूबद्दल विचारा. हे हत्यार कोणाचं? याला काय म्हणता? सकाळी आल्यावर पहिलं काम कुठलं? आज किती वाजता सुरू केलं? हे भांडं आता कुठे जाणार? वस्तूवरून बोलणं सुरू झालं की वडील, आजोबा, गाव, भावकी आपोआप येते.

आणि त्यांचा शब्द जसाच्या तसा घ्या. माझी फजिती सांगतो. मी एका कारागिराच्या फोटोखाली "पितळेच्या भांड्यांवर नक्षीकाम" असं ठोकून दिलं होतं. पुढच्या खेपेला प्रिंट द्यायला गेलो तर ते वाचून गृहस्थ म्हणाले, "तांबट आळीत येऊन पितळ म्हणता होय? आणि ही नक्षी नाही हो, मठारकाम आहे." ठोके घालून तांब्याचा पत्रा घट्ट करतात, त्याने भांडं कणखर होतं, चमकतं ते वेगळं. नक्षी म्हटल्यावर त्या कामाचा अर्थच गेला ना. आता मी पहिला प्रश्न "याला तुम्ही काय म्हणता" हाच विचारतो. बंब, घंगाळ, हंडा, प्रत्येकाचं नाव त्यांच्या तोंडून वहीत.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून, मोबाईल दिसेल असा समोर ठेवून. ठोक्यांच्या आवाजात काही ऐकू येणार नाही हे लक्षात ठेवा, तिथे वहीच. नाव विचारलं तर लिहून त्यांनाच दाखवा, आडनावं चुकलेली कुणालाच आवडत नाहीत. आणि "मावशी", "दादा", "आजी" काय म्हणायचं ते समोरचं वय बघून, पण एकेरीत घसरू नका. भाजीवाल्या बाईंना "ए मावशी, इकडे बघ ना" म्हणणारे कॅमेरेवाले मी बघितलेत आणि त्यांना मिळालेली उत्तरंही ऐकलीत.

इशारा: "फोटोची प्रिंट आणून देतो" असं कबूल केलंत तर द्या. सहा बाय चारची प्रिंट काढायला फार पैसे लागत नाहीत. न देणाऱ्यामुळे त्या आळीत पुढच्याची पंचाईत होते. शिवाय खरी गोष्ट बऱ्याचदा प्रिंट द्यायला गेल्यावरच कळते, पहिल्या भेटीत कोण कशाला सांगेल.

## ५. त्याच संध्याकाळी, झोपायच्या आधी

उद्यावर टाकू नका, मी फार कडक सांगतोय. फोटो कॉम्प्युटरवर उतरवता उतरवता, निवड करायच्याही आधी, वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा:

पाहिलं. ऐकलं. पडताळलं.

"पाहिलं" मध्ये तुमच्या डोळ्यांनी जे घडलं तेच. सकाळी सात दहाला आलो, दोघं काम करत होते, एक बसून एक उभा, बाहेर रिक्षात भांडी भरत होते.

"ऐकलं" मध्ये कोणी सांगितलं त्याच्यासकट. "सत्तरीचे गृहस्थ म्हणाले की त्यांचे आजोबा इथे आले." म्हणाले हा शब्द खोडायचा नाही.

"पडताळलं" हा रकाना त्या रात्री जवळपास रिकामाच राहील. राहू दे.

चूक कुठे होते सांगतो. महिन्याभराने आपण ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र कालवतो, आणि वर्षभराने चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललेलं वाक्य आपल्या कॅप्शनमध्ये इतिहास होऊन बसतं. माझ्या स्वतःच्या जुन्या फोटोंखाली अशा ओळी आहेत ज्या मला कुणी सांगितल्या की मीच जुळवल्या तेच आता आठवत नाही. त्या सगळ्या काढून टाकल्या, दुसरा इलाज नव्हता.

तपासा: पानावर तारीख, जागा, आणि कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंतचे फोटो ते लिहिलंय का?

## ६. पडताळणी, म्हणजे ऐकीव गोष्टीचं करायचं काय

पुण्यात देवांची नावं बघा. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, दाढीवाला दत्त. प्रत्येक नावामागे गोष्ट आहे आणि बऱ्याच नावांमागे दोन-तीन गोष्टी आहेत, सांगणारा प्रत्येक जण आपलीच खरी म्हणतो. पासोड्या विठोबाजवळ पूर्वी पासोड्या, म्हणजे जाडीभरडी पांघरुणं, विकायला बसत असं सांगतात. मग तसंच लिहायचं, "असं सांगतात". त्याने गोष्ट कमी होत नाही. "म्हणून या देवळाला हे नाव पडलं" असं छातीठोक लिहिलंत की उद्या कुणीतरी जुना माणूस दुसरी गोष्ट घेऊन दारात उभा. लकडी पुलाचंही तेच, नाव लकडी, पूल लाकडाचा राहिलेला नाही, कागदोपत्री नाव संभाजी पूल, आणि पानिपतानंतरच्या दिवसांशी जोडलेल्या गोष्टी प्रत्येक घरात वेगळ्या.

शनिवारवाड्याबद्दल वेगळी विनंती. तुमचा फोटो तिथे पतंग उडवणाऱ्या पोरांचा असेल तर कृपा करून खाली नारायणरावांचा खून आणि "काका मला वाचवा" नको. खून ३० ऑगस्ट १७७३ चा, पतंग तुमच्या रविवारचा, मध्ये संबंध काय? पोरं कुठल्या पेठेतनं आली, मांजा कुठनं आणला, ते लिहा. आणि "पेशव्यांचा राजवाडा" असं लिहिताना आठवा की १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, आपण काढतो ते फोटो तटबंदीचे, दरवाज्यांचे आणि जोत्यांचे.

पडताळायला कुठे जायचं? पालिकेच्या निळ्या पाट्या झाल्याच. जुन्या पुण्यासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, १८८५ चा, तीन भागांत, त्यात पेठवार वर्णन आहे. फक्त तो इंग्रज सरकारच्या नजरेतून लिहिलाय आणि १८८५ नंतरचं त्यात असणार नाही हे विसरू नका. मंडईची इमारत त्याच सुमाराला, १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा नाव रे मार्केट होतं. त्याहून खोलात जायचं तर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पण हौशी कॅप्शनसाठी तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते. बऱ्याच वेळा शेजारच्या दोन दुकानदारांना तोच प्रश्न वेगवेगळा विचारला तरी काम भागतं, उत्तरं जुळली तर बरं, नाही जुळली तर दोन्ही लिहा.

पुराचं एक खास. जुने पुणेकर कुठलीही गोष्ट "पानशेतच्या आधीची" की "पानशेतनंतरची" असं सांगतात. पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्यामुळे हे कॅलेंडर फार उपयोगी आहे, "पानशेतनंतर आम्ही इकडे आलो" म्हटलं की निदान वर्षाची एक बाजू पक्की. पण नातवंडांच्या तोंडी "पुरात गेलं" असं आलं की कुठला पूर ते विचारा, कारण आंबील ओढ्याचा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचाही पूरच होता. आणि भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो म्हणजे "पुण्यात महापूर" नव्हे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पूल बुडतो, जवळपास दर पावसाळ्यात बुडतो, तो आहेच तेवढा खाली. त्या दिवशी किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, तो आकडा वहीत टिपला की फोटोला वजन येतं.

## ७. जुना अल्बम हातात आला तर

वडिलांचे, आजोबांचे फोटो असतील तर वेगळा उद्योग. तारीख नसते, सांगणारे थोडे उरलेले असतात. म्हणून क्रम उलटा: स्कॅनिंग मागाहून, माणसं आधी. आजी समोर आहे तोवर तिच्यासमोर अल्बम उघडा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, प्रत्येक फोटोला नंबर तोंडाने बोलत. स्कॅन काय पुढच्या वर्षीही होईल.

फोटोतल्या खुणांवरून काळ असा बांधायचा:

दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर पाटी १९७२ नंतरची, कारण पिनकोडच १५ ऑगस्ट १९७२ ला आला.

गाडीची नंबरप्लेट "एमएच" ने सुरू होत असेल तर १९८९ किंवा त्यानंतरचा फोटो.

बसवर पीएमटी (पुण्याची तेव्हाची शहर बससेवा) लिहिलं असेल तर बहुधा २००७ च्या आधीचा, त्या वर्षी पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. बहुधा म्हणतोय कारण जुन्या बसवरचा रंग एका दिवसात बदलत नाही.

मागे मेट्रोची गाडी धावताना दिसत असेल तर बहुधा मार्च २०२२ नंतरचा (चाचणीच्या गाड्या त्याआधीही धावल्या), नुसते खांब असतील तर त्याच्या आधीचाही असू शकतो.

इथली नेहमीची चूक: खूण फक्त एक कड दाखवते. पिनकोडवाली पाटी १९७२ ची असेलच असं नाही, १९९५ ची असू शकते, आणि तिचा फोटो २०१० चा. दोन्ही बाजूंच्या कडा मिळेपर्यंत एकच वर्ष लिहू नका, "१९७२ ते १९८९ च्या दरम्यान" असं लिहायला लाज कसली. फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत छापलेली तारीख दिसली की खूश होऊ नका, त्या कॅमेऱ्यांचं घड्याळही कुणी लावलेलं नसायचं.

इशारा: प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमचं पानच स्कॅन करा, सहाशे डीपीआयला.

## ८. फाइलला नाव

पटकन सांगतो. वर्ष, महिना, दिवस, मग जागा, मग विषय: "२०२३-०६-१२ नाना पेठ दिंडी चहा". वर्ष पुढे असलं की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. वहीतल्या त्या पानावरून पाच ओळींची टीप करून ती फोटोच्या फाइलमध्येच कॅप्शनच्या जागी भरा, बहुतेक सगळ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये ती जागा असते, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी गोष्ट बरोबर जाते. वेगळ्या वर्ड फाइलमध्ये ठेवलेल्या गोष्टी आणि फोटो यांची ताटातूट दोन लॅपटॉप बदलले की होतेच.

इशारा: व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तारीख, वेळ, टीप सगळं गळून जातं आणि फोटोही बारीक होतो. मूळ फाइल द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कुणाच्या ग्रुपवरून आलेला "जुन्या पुण्याचा दुर्मिळ फोटो" आपल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, वर्षभराने तो आपणच काढला असं वाटायला लागतं.

बॅकअप दोन हवेत, एक घरात आणि एक घराबाहेर. क्लाउड चालेल, भावाच्या घरची हार्डडिस्क चालेल. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन हार्डडिस्क म्हणजे एकच बॅकअप.

## ९. आता लिहा

एवढं सगळं झाल्यावर लिहिणं अर्ध्या तासाचं काम आहे. ऐंशी ते दीडशे शब्द पुरे. जे फोटोत दिसतंय ते परत सांगू नका. "या फोटोत एक म्हातारी भाजी विकताना दिसत आहे", अहो दिसतंय ना. चौकटीच्या बाहेरचं सांगा: आधी काय झालं, नंतर काय झालं, डावीकडे कोण उभं होतं, ती काय म्हणाली.

एक नमुना देतो, माझाच, आधी होता तसा:

"मंडईतली सकाळ. कष्टाने रापलेला चेहरा आणि डोळ्यांत उद्याची आशा."

उद्याची आशा मला कुठून दिसली कोण जाणे. तीच गोष्ट वहीतल्या पानावरून परत लिहिली:

"मंडई, सकाळी सव्वासहा. मावशी लिंबाचे ढीग लावतायत, पाच-पाचचे. मी विचारलं, पाचच का? म्हणाल्या, चार लावले तर गिऱ्हाईक अजून एक मागतं, पाच लावले तरी मागतं, पण पाचवर 'नाही' म्हणायला बरं वाटतं. फोटोत त्या हसतायत ते माझ्याकडे बघून नाही, मागे हमालाची पाटी सांडली होती. त्याला हसून झाल्यावर त्याच उठल्या आणि बटाटे गोळा करू लागल्या, तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता पण मीही बटाटेच उचलत होतो."

यात इतिहास नाही, विशेषण जवळजवळ नाही, आणि ही ओळ दुसऱ्या कुठल्या फोटोखाली चालणार नाही. लिहून झालं की हीच परीक्षा घ्या: कॅप्शन उचलून दुसऱ्या फोटोखाली ठेवून बघा. तिथेही शोभलं तर खोडा आणि वहीकडे परत जा.

लिहिताना हमखास येणारे आणि खोडायचे शब्द: लगबग, वारसा, रापलेले, सुरकुत्या, काळाच्या ओघात, जुन्या खुणा जपत, आजही. "आजही" वर माझा फार राग आहे. "आजही इथे हाताने भांडी बनतात." आज नाही तर कधी बनणार, माणूस समोर बसलाय तुमच्या.

## १०. दाखवायच्या आधी शेवटची फेरी

मोठ्याने वाचा. नंतर, शक्य असेल तर, ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवा, फोनवर का होईना. एकदा मी एका वाड्याची गोष्ट लिहिली होती, भाडेकरू आणि मालकाच्या वादासकट, ऐकली होती तशी, खरीही होती. वाचून दाखवल्यावर आजी एवढंच म्हणाल्या, "खरं आहे रे, पण कोर्टात चालूये ना अजून." काढून टाकलं. पुढे मजकूर छापून आला असता आणि त्या घरात काय झालं असतं याचा मी विचारच केला नव्हता.

घराचा नेमका पत्ता, मुलांची शाळा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची जागा, यातलं काही गोष्टीत आणि फोटोच्या लोकेशनमध्येही जाऊ देऊ नका. लोकेशन आपल्या मूळ फाइलमध्ये राहू दे, बाहेर देताना काढून द्या. नाव छापायला हो म्हणाले नसतील तर नुसतं "मंडईतल्या मावशी" पुरतं.

प्रदर्शन असेल तर कॅप्शन फोटोच्या खाली गुडघ्याच्या उंचीवर लावू नका हो, बघायला येणारे निम्मे लोक साठीचे असतात. बाजूला लावा, छातीच्या उंचीला, अक्षर मोठं. आणि तिथे एक वही-पेन दोरीने बांधून ठेवा. माझ्या गेल्या वेळच्या वहीत एका पानावर फक्त एवढं लिहिलेलं सापडलं: "फोटो क्र. १४ मधला जिना आमचा. वरून चौथी पायरी सैल होती." खाली नाव नाही, नंबर नाही. चौदा नंबरच्या पानावर "ऐकलं" च्या रकान्यात ते उतरवून ठेवलंय.